ब्रेकचे ऑइल हे तेल नव्हे!

दिवाळी अंकातल्या या पानावर दर वर्षी मी काहीतरी गोड वाढावे अशी संपादकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. परंतु यंदा वाचकांची क्षमा मागून मी फराळाऐवजी एक कबुलीजबाब पुढे ठेवणार आहे. गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझ्यामुळे एक अपघात होता होता राहिला. मोटार मी चालवीत नव्हतो. सायकलखेरीज मला काही चालवताच येत नाही. तरीपण गुन्हा माझाच. तो कसा घडला हे कळायचे तर आधी त्या मोटारीची ओळख करून द्यायला हवी.

आमचे थोरले काका दादरच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करीत. आयुष्यात त्यांनी एकच चैन केली. कोणा साहेबाने विलायतेला परत जाताना विकायला काढलेली १९५२ सालची एम. जी. टीडी त्यांनी घेतली. दोन माणसांची बैठक, वर कापडी छप्पर, पुढे लांब नाक आणि दोन्ही बाजूंना वळणदार मडगार्डे. ही जात इंग्लंडमध्ये १९४९ ते १९५३ या चारच वर्षांत तयार झाली; एंजिन अवघे १२५० सी. सी.चे. पण नायगावच्या रस्त्यावरून ती जाऊ लागली की भोईवाड्यापर्यंतची पोरे मागे धावत. काका गेले आणि मोटार आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली जाऊन बसली. गणपतीच्या मंडपाचे बांबू तिला टेकवून ठेवत. मांजरांची तीन-चार बाळंतपणे तिच्या गादीवर झाली.

मग आमच्याकडे पुनर्विकासाचे वारे वाहू लागले. नायगावच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांच्या ४२ इमारतींचे पाडकाम सुरू झाले तशी आसपासच्या आमच्यासारख्या खासगी चाळींनाही नोटिशीची चाहूल लागली. 'अंगण मोकळे करा' असे फर्मान निघाले. भंगारवाला दोनदा येऊन मोटारीकडे प्रेमळ नजरेने बघून गेला. तेव्हा माझा पुतण्या उठला आणि म्हणाला, "अण्णा, ही मोटार या अंगणातून जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाईल. टेंपोत घालून नाही."

पुतण्या बँकेत आहे. पण हात चालता आहे. सहा महिने त्याने दर रविवारी एंजिनाशी झटापट केली आणि एके दिवशी ते सुरू झाले. सारी चाळ गॅलरीत आली. पेढे वाटून झाल्यावर मिस्त्रीकाकांनी, म्हणजे ज्यांनी चाळीस वर्षे परळच्या गॅरेजात फियाट आणि पद्मिनी उघडल्या-जोडल्या त्यांनी, पेढा तोंडात टाकून एकच प्रश्न विचारला : "चालली हे झाले. आता थांबणार कशी?"

वाचकहो, मोटार विकत घेताना माणूस ती किती पळते ते विचारतो. किती अंतरात थांबते हे कोणी विचारीत नाही. आणि हिशेब तर फार निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की मोटारीच्या अंगातला जोर चौपट होतो. ताशी २० किलोमीटरवर ब्रेक लागल्यापासून ती जेवढ्या अंतरात थांबेल, त्याच्या चौपट अंतर ताशी ४० वर लागते. हा सारा जोर ब्रेकने खायचा असतो आणि खाऊन त्याची उष्णता करायची असते. ब्रेक म्हणजे पळण्याची उष्णता करणारी भट्टी.

आमच्या मोटारीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी डबडे, आणि त्याच्या आत लायनर बसवलेल्या दोन कमानी. पेडल दाबले की कमानी फाकतात आणि डबड्याला आतून घासतात. पायाचा दाब चाकांपर्यंत नेण्याचे काम नळ्यांतला द्रव करतो. कोंडलेल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम मी शाळेत असताना घोकला होता. पुढे मी शिक्षक झालो तो मराठीचा. त्यामुळे पास्कल तिथेच राहिला. तो राहिला नसता तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुतण्याच्या मनात मात्र निराळेच होते. त्याला डिस्क ब्रेक हवे होते. त्यात डबड्याच्या जागी उघडी तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतात. ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचे पेटंट १९०२ साली घेतले होते. पण तिचे दिवस फिरले ते १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे कमानीपासून दूर पळतो. तबकडी तापली की जाड होते, म्हणजे चिमट्याच्या जवळ येते. शिवाय ती वाऱ्यावर असते, लवकर निवते. इतर चालकांचे ब्रेक तापून थकत असताना जॅग्वारवाले वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक दाबत. त्यानंतर १९५६ साली ट्रायंफ टीआर ३ या मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या आणि १९५९ साली एम. जी.च्याही पुढच्या चाकांना आल्या. आमच्या मोटारीचा जन्म त्याच्या सात वर्षे आधीचा.

"एम. जी.च्या पुढच्या पिढीचे पुढचे चाक याच घराण्यातले आहे," पुतण्या सांगत होता. "विलायतेत लोक तिचे डिस्क हिला बसवतात. मी सामान मागवले आहे." आणि खरेच, एके दिवशी चांगले वजनदार खोके आले. दिवाणखान्यात ते उघडले तेव्हा आमच्या सूनबाई म्हणाल्या, "एवढ्यात घरघंटी आली असती."

मिस्त्रीकाकांनी एक तबकडी हातात घेऊन फिरवून पाहिली. माल चोख होता. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले, आणि ते मी मुद्दाम इथे लिहितो. कारण घरच्या घरी ब्रेक 'सुधारायला' निघालेल्या प्रत्येकाने ते स्वतःला विचारावेत असे आहेत.

पहिला प्रश्न : "तुझ्या पायात जोर किती?" ड्रमची पुढची कमान फिरत्या डबड्याबरोबर आपणहून आत खेचली जाते, म्हणजे चाकच ब्रेकला मदत करते. आमच्या मोटारीच्या पुढच्या चाकांत तर दोन्ही कमानी अशाच मदतनीस आहेत. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला दाब जास्त लागतो, आणि तो पायाने द्यायचा नसेल तर एंजिनाच्या पोकळीवर चालणारा बूस्टर बसवावा लागतो.

दुसरा प्रश्न : "मास्टर सिलिंडरातल्या व्हॉल्व्हचे काय करणार?" ड्रमच्या जुन्या मोटारीत पाय उचलल्यावरही नळ्यांत थोडासा दाब राहावा म्हणून एक झडप असते. ड्रममध्ये कमानींना मागे ओढायला स्प्रिंगा असतात, त्यामुळे तो दाब सोसतो. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात. ती झडप तशीच ठेवली तर चिमटा तबकडीला कायम धरून बसतो, आणि मोटार चालते ती ब्रेक घासतच.

तिसरा प्रश्न : "पुढच्या चाकांचे ठरले, मागच्यांचे काय?" ब्रेक लागला की मोटारीचे वजन पुढे ढकलले जाते आणि मागची चाके हलकी होतात. मागची आधी जाम झाली तर मोटार गरकन फिरते. म्हणून पुढचा आणि मागचा जोर यांचे प्रमाण कारखान्यात फार विचाराने ठरवलेले असते. एक बाजू बदलली की दुसरीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पुतण्याला पहिल्याचे उत्तर येत होते, दुसऱ्याचे अर्धे येत होते, तिसऱ्याला तो गप्प बसला. मिस्त्रीकाका म्हणाले, "डिस्क वाईट नाही. पण आज तुझा ड्रम वाईट आहे की तुझी देखभाल वाईट आहे, हे तरी आधी ठरव. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी ड्रमवर चालवून जन्म काढले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती वयोमर्यादेमुळे. ब्रेक नव्हते म्हणून नव्हे."

आणखी एक अडचण सरकारी होती. पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली निराळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांची खास नंबरपट्टी मिळते. पण मोटार मूळ स्वरूपात असावी ही अट आहे. नियमात चेसी, सांगाडा आणि एंजिन यांतल्या फेरफाराचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. तरी 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांचा अर्थ परिवहन कचेरीत आधी विचारून घेतलेला बरा. मागाहून वाद घालण्यात मराठीच्या शिक्षकाचाही निभाव लागत नाही.

तेव्हा खोके पलंगाखाली गेले आणि ड्रम उघडण्याचे ठरले. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरायचे नाही, भक्कम घोड्या लावायच्या, हा मिस्त्रीकाकांचा पहिला दंडक. दुसरा दंडक, आतली भुकटी तोंडाने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुप्फुसात गेली की पुन्हा बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकायचे. ड्रम लेथवर तासून गोल करून घेतले, कमानींना नवे लायनर लावले. पुढच्या चाकांत दोन-दोन आणि मागच्यांत एक-एक असे सहा सिलिंडर. सगळ्यांचे रबरी कप नवे. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या. एक कापून पाहिली तर आतून इतकी सुजलेली की सुई जाईना. अशी नळी पायाचा दाब जाऊ देते, पण परत येऊ देत नाही. "माणसांतही अशी असतात," मिस्त्रीकाका म्हणाले.

मग नवे ब्रेक ऑइल भरून नळ्यांतली हवा काढायची. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. एक बुडबुडा राहिला तरी पेडल स्पंजासारखे लागते. पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी पेडलवर बसली. "दाब... धर... सोड!" असा पुकारा दोन तास अंगणात चालू होता. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात आणि सर्वांत जवळच्याने शेवट. शेवटी पेडल दगडासारखे घट्ट झाले. आता रविवारी पहाटे मोटार रस्त्यावर न्यायची असे ठरले.

आणि इथे माझा प्रवेश होतो.

बुधवारी दुपारी पुतण्याचा बँकेतून फोन आला. "अण्णा, गाडीच्या तळाशी पायाजवळ एक झाकण आहे. ते उघडून ब्रेक ऑइलची पातळी तेवढी बघा. कमी असेल तर डबा कोपऱ्यात आहे, त्यातले थोडे घाला." या मोटारीत मास्टर सिलिंडर फळीखाली असतो. मी चष्मा लावून, गुडघ्यावर बसून पाहिले. पातळी बोटभर कमी होती. कोपऱ्यात डबे दोन होते. एकावर इंग्रजी बारीक अक्षरे होती. दुसरा एंजिन ऑइलचा, अर्धा भरलेला. मी मनाशी म्हटले, ऑइल ते ऑइल. घट्ट आहे ते चांगलेच असणार. आणि पाव वाटी ओतले. झाकण लावले, हात धुतले, चहा घेतला.

रविवारी पहाटे सहाला पुतण्या चक्रावर आणि मी शेजारी, असे आम्ही निघालो. पाच बागांना एक प्रदक्षिणा घातली. पारशी कॉलनीतले फिरायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि त्यांनी टोपी काढून मोटारीला मुजरा केला. तिथून शीवपर्यंत जाऊन आलो. परतताना पुतण्या म्हणाला, "गाडी ओढत नाही हो. कोणी मागून धरल्यासारखी वाटते." मला काही तरी जळल्याचा वास आला, मी समजलो, कोणाकडे चिवडा लागला असेल. हिंदमाताच्या पुलावर चढलो. उतार लागला. खाली रस्त्याच्या कडेला एक बाई रांगोळीचे ढीग मांडत होती, तिच्या शेजारी पाट्यांच्या आडोशाला तिचे पोर झोपले होते. समोर एक हातगाडी आडवी आली. पुतण्याने पेडल दाबले. पेडल गेले, मोटार नाही थांबली.

त्याने पुन्हा दाबले. मोटार किंचित कचरली आणि पुढेच चालली. तो ओरडला नाही. त्याने गिअर खाली ओढला, एंजिन किंचाळले, आणि आमच्या दोघांच्या मधला हँडब्रेक त्याने दोन्ही ताकदींनी वर खेचला. हँडब्रेकची तार थेट मागच्या चाकांना जाते. तिचा त्या द्रवाशी काही संबंध नाही. मोटार फरफटत, तिरकी होत थांबली. रांगोळीच्या पहिल्या ढिगात आमचे पुढचे चाक होते. पोर त्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर. ते जागेही झाले नाही.

बाई काही बोलली नाही. तिने आधी पोर उचलून घेतले, मग आमच्याकडे बघितले. ती नजर मी विसरणार नाही. वाचकहो, शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मिस्त्रीकाका तिथेच आले. चाकांवर हात धरवत नव्हता. त्यांनी फळी उचलली, झाकण उघडले, बोट बुडवून चोळले, हुंगले आणि विचारले, "यात एंजिन ऑइल कोणी घातले?"

मी म्हणालो, "ऑइल कमी होते म्हणून ऑइल घातले."

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "हे तेल नाही."

ब्रेकमध्ये असतो तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव. त्यात तेलाचा थेंब नसतो. सिलिंडरातले कप ज्या रबराचे असतात, त्याला हा द्रव मानवतो. खनिज तेल लागले की तेच रबर पावसात भिजलेल्या पावासारखे फुगते. फुगलेल्या कपाने मास्टर सिलिंडरातले द्रव परत येण्याचे बारीक भोक झाकून टाकले. दाब सुटायला वाट राहिली नाही. कमानी ड्रमला चिकटून राहिल्या, घासून तापल्या. तापून द्रव आणखी फुगला, कमानी आणखी चिकटल्या. शीवहून परत येईपर्यंत ड्रम भाजून निघाले, फुगून कमानींपासून लांब गेले, लायनरची पकड गेली. चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर. तो फसला की चारही फसली. बुधवारच्या पाव वाटीचे रविवारी हे फळ आले.

मी चाळीस वर्षे मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले. 'ब्रेक ऑइल' हा शब्द हजार वेळा ऐकला, आणि त्यातल्या ऑइलवर मुकाट विश्वास ठेवला. मिस्त्री, टॅक्सीवाले, दुकानदार सगळे तोच शब्द वापरतात. पण त्यांना माहीत असते की तो नुसता शब्द आहे. मला ते माहीत नव्हते, आणि मी विचारले नाही. माझा गुन्हा हा, की मी विचारले नाही.

सगळे पुन्हा उघडावे लागले. एक कप वाचवायचा नाही, एक नळी वाचवायची नाही. तेल लागलेले सगळे रबर फेकायचे, धातूच्या नळ्या स्पिरिटने धुऊन कोरड्या करायच्या. भाजलेले लायनरही गेले. खर्च मी दिला. पुतण्या नको म्हणत होता. पण काही दंड भरल्याखेरीज माणसाला झोप येत नाही.

या खेपेला मीही सदरा काढून कामाला बसलो आणि थोडे शिकलो. हा द्रव हवेतला ओलावा पितो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा काय कमी! डॉट ४ जातीचा ताजा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. उकळला की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, हे आलेच. म्हणून उघडा पडलेला डबा जपून ठेवू नये आणि दर दोन वर्षांनी सगळा द्रव बदलावा. सिलिकोनचा डॉट ५ निराळा. तो यात मिसळू नये. आणि रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उतरतो. हे सगळे डब्यावर छापलेलेच होते. ती बारीक अक्षरे तीच.

डिस्कचे खोके अजून पलंगाखाली आहे. पुतण्याचे मत थोडे बदलले आहे. तो म्हणतो, बदल करायचाच तर आधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एका बाजूचा दाब गेला तरी दुसरी बाजू शाबूत राहील. अमेरिकेने नव्या मोटारींना हे १९६८ पासून सक्तीचे केले; आमची त्यापूर्वीची. पण ते काम अंगणातले नव्हे, जाणत्याच्या कारखान्यातले, असे तो आपणहून म्हणाला. मिस्त्रीकाकांनी त्या दिवशी त्याला प्रथमच 'शाबास' म्हटले.

पाडव्याच्या सकाळी मोटार चाळीच्या अंगणातून बाहेर पडली. आदल्या तीन दिवसांत पुतण्याने तिला मैदानाच्या कडेने रोज दहा वेळा पळवून दहा वेळा थांबवली होती, आणि प्रत्येक खेपेला उतरून चारही ड्रमांना हात लावून पाहिला होता. हँडब्रेकची तार त्याने स्वतः ताणून घेतली. मी शेजारी बसलो. हिंदमाताच्या पुलाखाली आम्ही थांबलो, जिथे थांबायचे ठरवले होते तिथेच. बाई होती. मी उतरून सहा रंगांची रांगोळी घेतली आणि जास्तीचे पैसे पुढे केले. तिने मोजून आपले ठेवले, बाकीचे परत दिले. पोर जागे होते. त्याने मोटारीच्या मडगार्डावर हात फिरवला आणि आईला विचारले, "ही थांबते का ग आता?"

"थांबते," पुतण्या म्हणाला.

अंगणातल्या कोपऱ्यात आता एकच डबा आहे. त्यावर मी माझ्या शाळेतल्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला आहे : 'ब्रेकचा द्रव. हे तेल नव्हे. शंका आल्यास विचारावे.'